खदानीच्या काठावर मावशीचं घर

माती तपासणाऱ्यांच्या ऑफिसात किस्से जमतात ते मातीच्या पिशव्यांसारखे. काम संपलं तरी कुणी फेकत नाही. "राहू दे, लागेल कधी," म्हणून कोपऱ्यात ढकलतात. चिठ्ठ्या गळून पडतात, कुठली माती कुठल्या प्लॉटची ते विसरायला होतं, आणि मग एक दिवस कुणाला तरी ठेच लागून पिशवी फुटते. आज माझ्या पायाला लागली आहे, तेव्हा ऐका.

आमची लॅब रायपूरच्या सदर बाजारात, मागच्या गल्लीत. पुढे सोनाराचं दुकान, मागे आम्ही. तोही काट्यावर तोलतो, आम्हीही तोलतो. गर्दी त्याच्याकडे! राजधानी झाल्यापासून शहराच्या चारी अंगांना कॉलन्या उगवत होत्या आणि प्रत्येक कॉलनीला मातीचा रिपोर्ट लागायचा. बहुतेकांना रिपोर्ट हवा असायचा, त्यात माती काय म्हणते ते नको असायचं.

माणसं तीनच. मालक मेश्राम सर, मूळचे भंडाऱ्याकडचे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. साहू भैया, ड्रिलिंग मशीनवाले. आणि मी, सिव्हिलची डिग्री घेतलेली आणि जन्मजात घाबरट. आमच्याच घरातला कुकर मला रोज नव्याने दचकवतो.

चौथी निर्मलामावशी. ती लॅबची नाही, पण अर्धे किस्से तिचेच. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, रेल्वेत होते. ते गेल्यावर रायपुरातल्याच गुढियारी मोहल्ल्यातलं भाड्याचं घर सोडून मावशीने शहराबाहेर, नव्या रायपूरच्या वाटेवर एका कॉलनीत छोटं घर घेतलं. कॉलनीचं नाव सांगत नाही. नावात 'सरोवर' होतं. सरोवर म्हणजे फर्शीच्या दगडाची जुनी खदान! अर्धी भरून तिच्यावर घरं बांधली आणि उरलेल्या अर्धीत पाणी साचलं, त्याला लेक म्हणून विकलं. मावशीचं घर मागच्या रांगेत, स्वयंपाकघर थेट त्या पाण्याच्या बाजूला. खदान भरताना मुरूम, मलबा, काळी माती, जे मिळेल ते टाकलेलं आणि रोलर बहुधा लांबूनच दाखवलेला. आता त्या घरांना भेगा पडायला लागल्या होत्या. पावसाळ्याच्या आत मावशीला तिथून बाहेर काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मावशीच्या डोक्यात नव्हतं.

०

आमच्या कामात जमिनीत एक नळी ठोकतात. वरून जड हातोडा ठरलेल्या उंचीवरून सोडायचा आणि किती घावांत नळी खाली जाते ते मोजायचं. घाव जास्त, जमीन कडक. कुणालाही जमेल असं काम. मला जमेना! हातोडा पडला की मी उडायचे आणि उडाले की आकडा विसरायचे.

साहू भैयांनी तोड काढली. ते मशीनकडे बघेनात, माझ्याकडे बघून मोजायला लागले. "दीदी जितना कूदेगी, उतना ब्लो."

एकदा मेश्राम सरांनी हे पाहिलं. मला वाटलं, गेली नोकरी. सर शांतपणे म्हणाले, "चालू द्या. मशीन बिघडते, पोट्टी तर बिघडत नाही ना!"

भेगांचं बघायला मावशीच्या कॉलनीतल्या लोकांनीच आम्हाला बोलावलं, तेव्हा मागच्या रांगेत मशीन लावलं. वरचा मुरूम संपला. साहू भैयांनी हातोडा नळीवर नुसता टेकवला, उचललासुद्धा नव्हता, आणि सगळं सामान आवाज न करता खाली निघालं. खिरीत चमचा बुडावा तसं. मी कान झाकून उभी होते, ती तशीच उभी राहिले.

साहू भैयांचा चेहरा उतरला. "सर, दीदी नहीं कूदी."

सर म्हणाले, "लिहून घे."

०

मशीन दिसलं की रायपूरचा माणूस बादली घेऊन येतो. आपल्याकडे जमिनीला भोक पाडणं म्हणजे पाणी, दुसरं काही असू शकतच नाही. "कितना फुट में लगा?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की हल्ली मी "अभी नहीं लगा, चाचा" एवढंच सांगते.

एका साहेबांच्या प्लॉटवर थोडंसं खोदलं आणि पाणी लागलं. आमच्यासाठी ही वाईट बातमी. साहेब मात्र नाचायचेच बाकी होते. बाईसाहेबांनी पेढे आणले, देवाला दाखवले, मशीनला हळदीकुंकू लावलं. साहू भैयांनी दोन पेढे खाल्ले.

सर समजावत होते, "साहेब, हे पाणी पायाखाली उभं राहीन. माती फुगते, सुकली का आकसते, घर वरखाली होते."

"तो फिर अलग से बोरिंग की मोटर नहीं लगेगी!" साहेब खूश.

सरांनी पेढा उचलला. "लागेल ना. घर उपसायले लागेल."

०

मावशीकडे रविवारी चिला खायला जायचा माझा रिवाज. तांदळाच्या पिठाचा पातळ घोळ, तव्यावर गोल पसरायचा. त्या वर्षी मावशीचे चिले गोल व्हायचे बंद झाले. घोळ तव्यावर पडला की हळूच एका बाजूला जाऊन जमायचा. पाण्याच्या बाजूला!

मी तवा फिरवला. घोळ परत पाण्याच्या बाजूला. शेगडी फिरवली. तरी तिकडेच. 

"मावशी, ओटा कललाय."

"गॅसवाल्यानं शेगडी वाकडी बसवली. सांगून राहिली ना मी त्याले."

"मागचं दार का लागत नाहीये?"

"लाकूड फुगलं."

"उन्हाळ्यात?"

"आता तू दाराले बी शिकव, कधी फुगायचं ते!" दार लागत नाही म्हणून मावशी दर महिन्याला सुताराला बोलवायची आणि तो दार तासून द्यायचा. तासता तासता दार इतकं तिरपं झालं होतं की त्याला सरळ चौकटच नको होती. चौकटही तिरपी होती म्हणून दोघांचं जमून गेलं होतं.

मी सांगितलं की घराखालची भर पाण्याच्या दिशेला सरकते आहे. भिजली की जड होते, तिची पकड सुटते, आणि जिकडे मोकळी जागा तिकडे जाते. पाऊस आला की आणखी. आमच्याकडे राहायला चल.

मावशीने अंड्याच्या आकाराचा चिला माझ्या ताटात वाढला. "नवं घर थोडंफार बसतेच वं पोट्टे. मी बी दमली की बसते. मले कोणी म्हणते का, निर्मलाबाई कोसळून राहिली?"

०

भेग नुसती आहे की वाढते आहे, हे बघायचा आमचा स्वस्त उपाय म्हणजे काचपट्टी. भेगेवर आडवी पातळ काच प्लास्टरने चिकटवायची. भिंत हलली की काच तडकते. मागच्या रांगेत प्रत्येक घरात लावल्या. मावशीकडे तर मी स्वतः लावल्या, त्यातली एक जराशी वाकडी.

पुढच्या खेपेला गेले. काचा शाबूत! त्याच्या पुढच्या खेपेलाही शाबूत. मावशी कमरेवर हात ठेवून, "पाहा! आणि तू मले घाबरवून राहिली होती." मी ऑफिसात येऊन सरांना सांगितलं, हालचाल नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. "भर तर खीर हाये. आणि काच हलत नाही म्हणते?"

मलाही समजेना. दार आणखी तासलं गेलं होतं. भेगेत आधी नख जायचं, आता बोट जात होतं. आणि काच शाबूत, स्वच्छ, जशी काही आजच लावली.

त्यानंतरच्या खेपेला बघते तर भेगेवरच्या काचेवर फुलं! बाथरूमच्या खिडकीला लावतात ती, फुलाफुलांची.

"मावशी, ही काच कुठली?"

"साधी संपली होती काचवाल्याकडची. फुलाची दिली. चांगली दिसते ना?"

"म्हणजे... आधीची कुठे गेली?"

"फुटली ना! फुटकी काच घरात ठेवते का कोणी? अवदसा येते." मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू डिग्री घेऊन मी एवढंही शिकले नाही. "तू हौसेनं लावलेली, तुले वाईट वाटीन म्हणून सांगितलं नाही. फुटली की मीच दुसरी बसवते. शेजारच्या मिश्राइनच्या बी मीच बदलून देते. तिले प्लास्टर कालवता येत नाही."

मी तिथेच जमिनीवर बसले. मग वाटलं, नको, आणि उठून उंबऱ्यावर बसले.

०

खदानीच्या काठाला एक मोठी भिंत होती, भर अडवून धरणारी. अशा भिंतीला ओळीने भोकं ठेवतात, मागचं पाणी झिरपून बाहेर यावं म्हणून. पाणी निघालं नाही तर ते मागून भिंतीला ढकलत राहतं.

त्याच उन्हाळ्यात कमिटीने भिंत रंगवली. कमिटीचे अध्यक्ष तिवारीजी आम्हाला कौतुकाने दाखवायला घेऊन गेले. आकाशी रंग, त्यावर कमळं, बदकं. आणि भोकं? गायब!

"सिमेंट भरवा दिया," तिवारीजी म्हणाले. "गंदा पानी निकलता था, दीवार पे लाइन पड़ जाती थी. और छेद में साँप भी घुस सकता है."

मी किंचाळलेच. "खोल दीजिए! आज ही खोल दीजिए!"

तिवारीजी दचकले, मग सावरले. "बिटिया, साँप से इतना डर?"

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाव म्हण. सापाले घाबरते म्हण. लोकांले भिंतीची भीती दाखवता येत नाही." मग तिवारीजींकडे वळले, "साँप अंदर ही रह गया होगा तो?" दुपारपर्यंत अर्धी भोकं मोकळी झाली. बाकीची राहिली. तिथे बदकांचे डोळे आले होते.

०

त्या खदानीतल्या काळ्या मातीचा एक नमुना लॅबला न्यायचा होता. अशा नमुन्याला धक्का लागू द्यायचा नसतो. जमिनीत ती जशी होती तशीच पोचली पाहिजे. नळीत घ्यायची, दोन्ही तोंडांना मेण ओतायचं, वर ओलं फडकं गुंडाळायचं. मशीनची गाडी दुसऱ्या साइटला गेली होती आणि त्या रस्त्याला बस म्हणजे नशिबाचा भाग. एक आली. फडकं नेमकं लाल मिळालं होतं. मी नळी मांडीवर दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून बसले. प्रत्येक खड्ड्याला मी वर आणि हात स्थिर.

समोरच्या म्हातारबाबांनी हात जोडले. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली. कंडक्टर तिकिटाचे पैसे घेईना. "राजिम जात हस का, नोनी?" बाईने हळूच विचारलं. राजिमला संगमावर अस्थी सोडायला जातात हे मला तेव्हा आठवलं नाही.

"नाही, लॅबमध्ये," मी म्हणाले.

बाईचे डोळे भरले. "कोन रिहिस?" कोण होतं, असं तिला विचारायचं होतं.

ड्रायव्हरने ब्रेक मारला, मी दचकले, आणि तोंडातून निघालं, "मावशी के यहाँ के!"

 उतरताना दोघांनी नळीला नमस्कार केला. लॅबमध्ये त्या मातीचं जे निघालं ते बघून मीही केला.

०

रिपोर्ट लिहिला. मागची रांग सरकते आहे, पावसाळ्यात तिथे कुणी राहू नये, असं सरळ मराठीत म्हणावं तसं सरळ इंग्रजीत लिहिलं. आठवड्याभरात बिल्डरचा मॅनेजर लॅबमध्ये हजर. पांढरा शर्ट, काळा चष्मा, हातात काजूकतलीचा डबा.

"सर, बस एक शब्द. 'सरक रही है' की जगह 'सेटल हो रही है'. बात एक ही है."

मेश्राम सर म्हणाले, "बात एक है तो बदलना क्यूँ?"

मॅनेजरने चष्मा काढला. मग त्याने कुठल्या कुठल्या कॉलन्यांची कामं त्याच्या शेठच्या हातात आहेत, आणि रायपूरमध्ये माती तपासणारे आम्ही एकटेच नाही, हे प्रेमाने सांगितलं.  लॅबचं भाडं, माझा पगार, साहू भैयांच्या मशीनचा हप्ता, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. सर माझ्याकडे बघत होते. सही माझी होती.

मॅनेजरही माझ्याकडे वळला. "मैडम, सुना है आप ज़रा डरती बहुत हैं. डर में आदमी ज़्यादा लिख देता है."

"हो," मी म्हणाले. आवाज फाटला, तरी म्हणाले. "डरती हूँ. छिपकली से, कुकर से, हॉर्न से. आपसे भी डर रही हूँ. और जितना डर रही हूँ, लिखा उससे कम है. बढ़ा दूँ?"

तो डबा तिथेच टाकून निघून गेला. पुढच्या सोनाराच्या दुकानाचं शटर धाडकन पडलं आणि मी उडाले.

"ये एक ब्लो," साहू भैया म्हणाले आणि डबा उघडला.

०

रिपोर्ट घरोघर वाटला तरी मावशी हलेना. "काकांनी जन्मभर दुसऱ्याच्या घरात काढलं. हे माझं आहे. नाही जात, जा!" मी रडले, ओरडले, आईने फोन केले. मावशी सुताराला बोलावून दार तासत होती.

मग मॅनेजरने कॉलनीत मीटिंग बोलावली. गेटजवळ मंडप, खुर्च्या, समोसे. आभाळ भरून आलेलं. मॅनेजर माइकवर म्हणाला, रिपोर्ट वगैरे बकवास आहे, जमीन एक नंबर आहे. "सच बोलूँ अम्मा लोग? घर सही है. रहने वालों को रहना नहीं आता. दिन भर पानी ढोलना, बर्तन पटकना, दीवार में कील ठोकना..."

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने समोसा परत ताटलीत ठेवला. तिच्या संसाराला नाव ठेवताना मी आजवर कुणाला बघितलेलं नाही.

ती उठली. "कहाँ का घर सही है? दिखाओ."

"अरे अम्मा, चलिए ना!" मॅनेजर खूश होऊन सगळ्यांना गेटशेजारच्या सॅम्पल हाउसमध्ये घेऊन गेला. गिऱ्हाइकांना दाखवायचं घर. पडदे, सोफा, फळांच्या टोपलीत प्लास्टिकची सफरचंदं. "वही नक्शा, वही सीमेंट, वही मिस्त्री. एक क्रैक ढूँढ के दिखाइए!"

बायका खोल्याखोल्यांतून फिरल्या. नळ सोडून पाहिले, दारं लावून उघडून पाहिली. एकही भेग नाही. नसणारच! गेटची बाजू लाल भाठ्याची, खडीसारखी टणक जमीन. तिथे खदान कधी खणलीच नव्हती. बिल्डरने गिऱ्हाइकाला दाखवायचं घर नेमकं तिथे बांधलं होतं आणि विकायची घरं खड्ड्यावर. मी तोंड उघडलं, पण मावशीने माझा हात दाबला.

"खरंच सही आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी, मिश्राइन आणि मागच्या रांगेतल्या सगळ्या बायका गाद्या, देव, सिलिंडर, लोणच्याच्या बरण्या घेऊन सॅम्पल हाउसमध्ये राहायला आल्या. नवरे मागून पंखे घेऊन. चौकीदाराने अडवलं तर मावशी म्हणाली, "मॅनेजर साहब ने खुद दिखाया." ते खरंच होतं, त्यामुळे तो बाजूला झाला. प्लास्टिकची सफरचंदं तिने त्याच्याच हातात दिली.

पाऊस सलग लागला. एका दुपारी, बदकांसकट, ती आकाशी भिंत खाली गेली. तिच्यामागून मागच्या रांगेची स्वयंपाकघरं गेली, मावशीचा ओटा आणि ते तासलेलं दारही. मी लॅबमधून रिक्षाने, पायी, चिखलातून धावत पोचले तेव्हा तिकडे पाण्यातून अजून बुडबुडे येत होते आणि सॅम्पल हाउसच्या खिडकीतून फोडणीचा वास येत होता. सगळ्या जणी आत होत्या. सगळ्या. मी दोनदा मोजल्या, आणि मध्ये वीज कडाडली तरी आकडा विसरले नाही.

मॅनेजर गाडीतून उतरला तो भिंतीकडे गेलाच नाही. सरळ सॅम्पल हाउसच्या दारात. वाळत घातलेल्या साड्या बाजूला सारत तो ओरडला, "ये क्या तमाशा है! खाली कीजिए फ़ौरन! कल पार्टी आ रही है घर देखने!"

मावशी पदर खोचून उंबऱ्यात आली.

"आने दो, भैया. इस बार घर हम दिखाएँगे."